औषधांचा निर्णय बंद दाराआड का?

भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीतून उतरणाऱ्या प्रत्येक हीटचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कार्बन किती, मँगनीज किती, गंधक आणि फॉस्फरस मर्यादेत आहेत की नाहीत, याची नोंद झाल्याखेरीज त्या पोलादाचे रूळ रेल्वेच्या ताब्यात दिले जात नाहीत. ज्या कामगाराच्या हाताखालून हे पोलाद जाते, त्याला या आकड्यांचा अर्थ कळतो. देशभरच्या प्रवाशांचे प्राण त्या आकड्यांवर अवलंबून आहेत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तोच कामगार पाळी संपवून पॉवर हाऊसच्या बाजारात औषधाच्या दुकानासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या हातात गोळ्यांची एक पट्टी पडते. तिची तपासणी कोणी केली, या गोळीची खरोखरच गरज आहे काय, तिच्यावर छापलेली किंमत कोणत्या हिशेबाने ठरली, यांपैकी एकही प्रश्न विचारण्याची सोय त्याला नाही. विचारलाच, तर उत्तर ठरलेले असते : हा तज्ज्ञांचा विषय आहे.

या एका उत्तराच्या आडोशाने देशाचे सारे औषध धोरण श्रमिक जनतेच्या नजरेआड ठरवले जाते. कोणते औषध बनवायचे, कोणत्या औषधाला विक्रीची परवानगी द्यायची, त्याची किंमत किती असावी आणि त्यावर किती वर्षांची मक्तेदारी बहाल करायची, हे प्रश्न जितके विज्ञानाचे आहेत तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, पैशाचे आणि सत्तेचे आहेत. ज्यांच्या शरीरात हे औषध जाते आणि ज्यांच्या मजुरीतून त्याचे मोल चुकते होते, त्यांना मात्र या निर्णयात स्थान नाही. ही उणीव अनवधानाने राहून गेलेली नाही. ती तशी राखली गेली आहे.

सकरी ते परासिया

या व्यवस्थेची किंमत छत्तीसगडच्या जनतेने ८ नोव्हेंबर २०१४ रोजी मोजली. बिलासपूर जिल्ह्यातील सकरी येथे, वापरात नसलेल्या एका इमारतीत, सरकारी नसबंदी शिबिर भरले. एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी १३ जणी पुढच्या काही दिवसांत मरण पावल्या. त्या गरीब घरच्या स्त्रिया होत्या. प्रथम डॉक्टरला अटक झाली. मग सरकारने जाहीर केले की दोष गोळ्यांचा आहे; रायपूरच्या एका उत्पादकाने पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत उंदीर मारण्याचे झिंक फॉस्फाइड असावे. उलट, अनेक डॉक्टरांनी आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी जंतुसंसर्गाकडे बोट दाखवले. न्यायिक चौकशी नेमली गेली, वाद मात्र मिटला नाही.

मृत्यूचे कारण संसर्ग असो की विष, एक गोष्ट दोन्ही पक्षी खरी ठरते. त्या गोळ्या कोणत्या निविदेने आल्या, कोणाच्या तपासणीनंतर आल्या, हे पाहण्याचा किंवा रोखण्याचा अधिकार ना गावच्या मितानिनीला होता, ना ग्रामपंचायतीला, ना खुद्द त्या स्त्रियांना. मितानिनीकडून अपेक्षा एकच : स्त्रियांना शिबिरापर्यंत आणून पोचवावे.

खोकल्याच्या औषधाची कहाणी याहून जुनी आणि अधिक लाजिरवाणी आहे. डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे द्रव्य औषधात मिसळले गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात, हे जगाला १९३७ साली अमेरिकेत शंभराहून अधिक माणसे दगावली तेव्हाच कळले होते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या प्रारंभी त्याच द्रव्याची भेसळ असलेले ग्लिसरॉल दिले गेले आणि १४ रुग्णांचा बळी गेला. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या वेळी रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्रालय यांच्यातील साटेलोटे जनतेसमोर उघडे केले. २०२२ साली गांबियात सत्तरच्या आसपास बालके दगावली आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारतात बनलेल्या पातळ औषधांबद्दल जगाला इशारा दिला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील परासियाच्या कोळसा पट्ट्यात वीसहून अधिक बालके गेली. त्यांतील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या नमुन्यात हे विष ४८.६ टक्के निघाले. म्हणजे बाटलीतील जवळजवळ निम्मे औषध विष होते!

लेंटिन आयोगाला एकोणचाळीस वर्षे लोटली. या काळात तज्ज्ञ होते, अधिकारी होते, कायदाही होता. तरी तेच द्रव्य तशाच मार्गाने पुन्हा बालकांच्या पोटात गेले. ज्या विषयावर तज्ज्ञांखेरीज कोणी बोलू नये असे सांगितले जाते, त्या विषयाची ही गत आहे.

खुर्ची कोणाला, मज्जाव कोणाला

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पाचव्या कलमाने औषध तांत्रिक सल्लागार मंडळ निर्माण केले आहे. औषधांसंबंधीच्या तांत्रिक बाबींवर केंद्र व राज्य सरकारांना सल्ला देणारे हे सर्वोच्च मंडळ. त्याची रचना प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने एकवार वाचावी. आरोग्य सेवांचे महासंचालक त्याचे अध्यक्ष. औषध नियंत्रक आहेत, प्रयोगशाळांचे संचालक आहेत, वैद्यक व औषधशास्त्राचे अध्यापक आहेत, डॉक्टरांच्या संघटनेने निवडलेला सदस्य आहे. यांत आक्षेपार्ह काही नाही. परंतु याच यादीत औषध उद्योगातील एक व्यक्ती आहे आणि तिला खुद्द केंद्र सरकार नेमते. रुग्णांचा प्रतिनिधी? नाही. ग्राहकांचा? नाही. कामगारांचा, शेतमजुरांचा, स्त्रियांचा? कोणाचाही नाही.

म्हणजे विषय केवळ तांत्रिक आहे म्हणून सामान्यांना मज्जाव, असे मुळीच नाही. ज्याचा नफा गुंतलेला आहे तो हितसंबंधी म्हणून आत बसू शकतो. ज्याचा जीव गुंतलेला आहे तो बसू शकत नाही. भारतीय लोकशाहीत रुग्णाच्या वाट्याला आलेले स्थान ते हेच.

बंद दाराआड तज्ज्ञता तरी निर्मळ राहते काय? आरोग्य विषयावरील संसदीय स्थायी समितीने मे २०१२ मध्ये सादर केलेला अहवाल या दृष्टीने उद्बोधक आहे. अवघ्या तीन वर्षांच्या काळात तीसहून अधिक नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचण्या न होताच मंजूर झाल्याचे समितीला आढळले. त्याहून बोलके होते ते तज्ज्ञांच्या शिफारसपत्रांचे प्रकरण. वेगवेगळ्या शहरांतल्या नामांकित डॉक्टरांनी एकाच औषधासाठी पाठवलेली पत्रे जवळजवळ शब्दशः सारखी होती. पत्रांखाली सह्या तज्ज्ञांच्या होत्या; मसुदा कोणाचा असावा, याविषयी समितीने औषध कंपन्यांच्या अदृश्य हाताकडे निर्देश केला.

तज्ज्ञांना हाकलून औषधांचा निर्णय जमावाच्या हाती द्यावा, असे कोणी म्हणत नाही. रक्तदाबाच्या औषधाची मात्रा हात वर करून ठरत नसते. परंतु तज्ज्ञ कोणाला उत्तरदायी असावा, हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेत सुटत नाही. तो राजकीय प्रश्न आहे. आणि या देशाच्या कायद्याने तो एका ठिकाणी श्रमिकांच्या बाजूने सोडवलेलाही आहे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने महामंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसंख्येने बसवले. त्याच्या वैद्यकीय लाभ परिषदेवरही कामगारांना जागा दिली. विमा रुग्णालयांच्या कारभारावर बोलताना कामगार अडाणी ठरत नाही. मग औषध मंडळाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताच तो अडाणी कसा होतो?

दल्ली-राजहराचा धडा

या प्रश्नाचे उत्तर भिलाईपासून सुमारे नव्वद किलोमीटरवर, कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहराच्या खाणींत चाळीस वर्षांपूर्वीच दिले गेले. १९७७ साली तेथील कंत्राटी खाण कामगार मान्यताप्राप्त संघटनांना सोडून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माईन्स श्रमिक संघ उभा राहिला. (आयटकच्या संघटनेलाही त्यांनी त्या वेळी रामराम ठोकला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. बोनसच्या करारात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यात केलेला भेद त्यांना सहन झाला नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते.) जून १९७७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ११ जण मारले गेले. १९७९ साली संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई यांचा प्रसूतीच्या वेळी योग्य उपचारांअभावी मृत्यू झाला. हजारो कामगार जमले. त्यांच्या संतापातून दगडफेक नव्हे, तर स्वतःचे रुग्णालय उभारण्याचा संकल्प बाहेर पडला.

१९८२ साली दवाखाना सुरू झाला. ३ जून १९८३ रोजी, गोळीबारातील हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालयाचे दार उघडले. इमारतीसाठी पैसा कामगारांच्या वर्गणीतून आला आणि श्रम कामगारांच्या हातांनी केले. डॉ. विनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. शैवाल जाना, डॉ. पुण्यव्रत गुण यांच्यासारखे डॉक्टर तेथे येऊन राहिले. खाणीत काम करणारे स्त्री-पुरुषच तेथे आरोग्य कार्यकर्ते झाले. पाळी संपली की ते रुग्णालयात येत.

या प्रयोगाची थोरवी सांगताना इमारत आणि खाटा यांचीच वर्णने फार होतात. औषध धोरणाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते वेगळेच. त्या काळी, आणि आजही, छत्तीसगडच्या गावांत सुई टोचली नाही तर डॉक्टरने काही केले असे रोग्याला वाटत नसे. अशक्तपणा आला की बाटली चढवायची, ताप आला की सुई, भूक मंदावली की लाल रंगाचे टॉनिक, ही सवय खाजगी डॉक्टरांनी आणि औषध कंपन्यांनी मिळून लावलेली. कामगाराचा आठवड्याचा पगार त्या बाटलीत विरघळून जाई. बाहेरून आलेला शहाणा डॉक्टर अशा वेळी लोकांना अडाणी ठरवून मोकळा होतो. किंवा, जे अधिक घडते, त्यांना हवी ती सुई टोचून पैसे घेतो.

शहीद रुग्णालयाने तिसरा मार्ग धरला. तेथील डॉक्टर व आरोग्य कार्यकर्ते वस्त्यांत, संघटनेच्या सभांत जाऊन वाद घालू लागले. जुलाब झालेल्या बालकाला मीठ-साखरेचे पाणी का पुरते, सलाईन कोणत्या थोड्या रोग्यांना लागते, प्रसूती लवकर व्हावी म्हणून दिले जाणारे इंजेक्शन आई व बाळ दोघांच्या जिवावर कसे बेतू शकते, टॉनिकच्या बाटलीत असते काय आणि तेवढ्या पैशात किती डाळ येते, हे सारे साध्या भाषेत, पत्रकांतून आणि पुस्तिकांतून मांडले गेले. अनावश्यक मिश्रणे नाकारून थोडी, आवश्यक, मूळ नावाने ओळखली जाणारी औषधे वापरण्याचा शिरस्ता पाडला. हे सोपे नव्हते. आपल्याच सभासदाला, ज्याच्या वर्गणीतून रुग्णालय उभे राहिले त्याला, तू मागतोस ती सुई मिळणार नाही असे सांगावे लागे. तो चिडे. आपले रुग्णालय असून औषध का देत नाही, असे विचारी. आणि मग त्याला उत्तर द्यावे लागे, कारण विचारण्याचा त्याला अधिकार होता.

लोकसहभाग म्हणजे लोकांना हवे ते देणे, अशी टिंगल जे करतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. सहभागाने दल्ली-राजहरात औषधे वाढली नाहीत, कमी झाली. सुईची हाव लोकांच्या अज्ञानातून आली असेल. ती वाढली मात्र ज्यांना वाढवण्यात फायदा होता त्यांच्यामुळे. ज्या दिवशी उत्तर देणारा आणि विचारणारा एकाच संघटनेचे झाले, त्या दिवसापासून ती ओसरू लागली.

नियोगी पुढे भिलाईच्या उद्योगांतील कंत्राटी कामगारांच्या लढ्यात उतरले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच, झोपेत असताना, त्यांची गोळी घालून हत्या झाली. रुग्णालय मात्र आजही चालू आहे.

जनता आत शिरली तेव्हा

दल्ली-राजहरा एकटे नाही. गर्भधारणा झाली की नाही हे पाहण्यासाठी व गर्भ पडावा म्हणून सर्रास दिली जाणारी इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनची तीव्र मिश्रणे गर्भाला अपायकारक आहेत, हे ठाऊक झाल्यावर सरकारने १९८२ साली त्यांवर बंदी घातली. कंपन्यांनी न्यायालयांतून स्थगिती मिळवली आणि विक्री चालू ठेवली. महिला संघटना, अखिल भारतीय औषध कृती मंच, महाराष्ट्रातील लोकविज्ञान संघटना यांच्यासारख्या चळवळींनी प्रश्न सोडला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १९८७ मध्ये मोठ्या शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या. औषध नियंत्रकासमोर कंपन्यांच्या तज्ज्ञांच्या शेजारी सामान्य स्त्रिया आणि त्यांच्या बाजूचे डॉक्टर उभे राहिले. १९८८ मध्ये बंदी अमलात आली. देशाच्या औषध नियंत्रणाच्या इतिहासात अशी उघडी सुनावणी हा अपवादच राहिला आहे.

दुसरे उदाहरण पेटंटचे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील मक्तेदारी नाकारली होती. केवळ बनवण्याच्या प्रक्रियेला, तेही थोड्या वर्षांचे, पेटंट मिळे. त्या कायद्याच्या बळावर भारतात स्वस्त औषधे बनू लागली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ साली तो कायदा बदलावा लागला. त्या वेळी सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांच्या दबावामुळे दोन गोष्टी कायद्यात टिकल्या. जुन्याच रेणूचे रूप किंचित बदलून नवे पेटंट मागण्यास कलम ३(ड) ने अटकाव झाला. आणि पेटंट मंजूर होण्याआधी कोणाही व्यक्तीला त्याला हरकत घेण्याचा अधिकार राहिला.

कोणाही व्यक्तीला! या दोन शब्दांचे मोल मुंबईच्या कर्करुग्णांनी दाखवून दिले. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचा महिन्याचा खर्च एक लाख वीस हजार रुपयांच्या घरात होता. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या रुग्णांच्या संस्थेने पेटंटला हरकत घेतली. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचे अपील नामंजूर केले. पुढे क्षयरोगावरील बेडाक्विलीनची पाळी आली. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील जुन्या इंजेक्शनांनी अनेक रोग्यांची श्रवणशक्ती कायमची जाते. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयातून वाचल्या, पण त्यांची श्रवणशक्ती गेली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी बेडाक्विलीनवरील मक्तेदारी आणखी चार वर्षे लांबवू पाहत होती. या दोघींनी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जगातील क्षयरुग्णांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक ज्या देशात आहेत, त्या देशाला हा लाभ कोणत्याही मंत्रालयाने मिळवून दिलेला नाही.

भिलाईचे भावंड

किमतीचा प्रश्न तर याहून उघडा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील प्रतिजैविकांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींत मोडतात, असे खुद्द अमेरिकेच्या सिनेटर केफॉवर यांच्या समितीने नमूद केले होते. त्या लुटीला उत्तर म्हणून सार्वजनिक क्षेत्र उभे राहिले. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. भिलाईसाठी १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि त्याच सहकार्यातून १९६१ साली आय. डी. पी. एल. जन्मली, ऋषिकेश व हैदराबाद येथे तिचे कारखाने निघाले. पोलाद आणि पेनिसिलिन एकाच धोरणाची लेकरे होत. भिलाईच्या कामगाराने आय. डी. पी. एल. ला परकी समजू नये.

जयसुखलाल हाथी समितीने १९७५ मध्ये परदेशी औषध कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करावे, टप्प्याटप्प्याने व्यापारी नावे रद्द करावीत आणि शंभराहून थोड्या अधिक आवश्यक औषधांवर भर द्यावा, अशा शिफारशी केल्या. १९७८ च्या धोरणाने राष्ट्रीयीकरण बाजूला सारले. किंमत नियंत्रणाखालील मूळ औषधद्रव्ये १९७९ साली ३४७ होती. १९८७ मध्ये ती १४२ उरली आणि १९९५ मध्ये सुमारे पाऊणशे. २०१३ च्या आदेशाने यादी आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीशी जोडली खरी, पण किमतीचा हिशेबच उलटा केला. पूर्वी उत्पादन खर्च पाहून किंमत ठरे. आता बाजारात चाललेल्या किमतींची सरासरी काढून तीच कमाल मर्यादा ठरते. दर वर्षी घाऊक निर्देशांकाप्रमाणे ती वाढवण्याची मुभाही मिळते : २०२२ मध्ये १०.७ टक्के, २०२३ मध्ये १२.१ टक्के. भिलाईतील कोणत्या कंत्राटी कामगाराची मजुरी लागोपाठ दोन वर्षे या गतीने वाढली?

आणि २८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आय. डी. पी. एल. बंद करण्याचा आणि पिंपरीचा कारखाना विकण्याचा निर्णय घेतला. चारच वर्षांनी, महामारीच्या काळात, मूळ औषधद्रव्यांसाठी देश चीनवर अवलंबून असल्याचा साक्षात्कार सरकारला झाला आणि पेनिसिलिन-जी सारख्या द्रव्यांसाठी खाजगी भांडवलाला प्रोत्साहन अनुदान देण्यात आले. ज्या पिंपरीत या देशाने पेनिसिलिन बनवायला सुरुवात केली, तेथील कामगारांचे मत घेण्याची आवश्यकता कोणत्याच टप्प्यावर कोणाला वाटली नाही.

उरलेली दारेही लावली जात आहेत

जी थोडी दारे उघडी होती, तीही आता लावून घेतली जात आहेत. १० मार्च २०२४ रोजी भारताने स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या संघाशी व्यापार करार केला. पाचच दिवसांनी, १५ मार्च रोजी, पेटंट नियमांत दुरुस्ती झाली. मंजुरीपूर्व हरकतीला पूर्वी शुल्क नव्हते, ते आता लागू झाले. आणि हरकत विचारात घेण्याजोगी आहे की नाही, हे आधी नियंत्रक ठरवणार. नोव्हार्टिस स्विस कंपनी आहे, हे वाचकांना माहीत असेलच. त्याआधी २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हिणकस औषधांसंबंधीच्या कलम २७(ड) खालील गुन्हे दंड भरून मिटवण्याची वाट मोकळी केली. जनतेने कोणावर विश्वास ठेवावा म्हणून हे नाव दिले, कोण जाणे. मार्च २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवडणूक रोख्यांची यादी बाहेर आली, तेव्हा तीत औषध कंपन्यांची नावे ठळक होती.

या सगळ्याचा दोष केवळ सरकारवर टाकून चालणार नाही. कामगार चळवळीने औषधाचा प्रश्न बहुतेक वेळा सवलतीचा प्रश्न मानला. कायम कामगाराला सेक्टर ९ च्या रुग्णालयाचे कार्ड, निवृत्ताला विमा योजना, कंत्राटी कामगाराला राज्य विम्याचे कार्ड, आणि ज्याच्या ठेकेदाराने वर्गणीच भरली नाही त्याला काहीच नाही. प्रत्येक करारात या कार्डांवर घासाघीस झाली. कार्डावर मिळणारे औषध कोणी निवडले, काय भावाने घेतले, याची चौकशी संघटनांच्या मागणीपत्रकांत अभावानेच आढळते. शेजारच्या बांगलादेशात १९८२ साली सतराशेच्या आसपास निरुपयोगी व घातक औषधांना हटवणारे धोरण आले. डॉ. जफरुल्ला चौधरी यांच्यासारख्यांनी ते हिरिरीने घडवले, पण ते लष्करी राजवटीच्या वटहुकुमाने आले. जनतेची संघटित शक्ती त्याच्या पाठीशी नसल्याने बहुराष्ट्रीय कंपन्यांचा दबाव वाढत गेला तसतशी त्याची धार पुढील दशकांत बोथट होत गेली. चांगले धोरण वरून मिळाले तरी ते राखायला खाली माणसे लागतात.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. औषध तांत्रिक सल्लागार मंडळावर रुग्ण, ग्राहक आणि कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसवण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली पाहिजे. नवे औषध मंजूर करण्यापूर्वी त्याची कागदपत्रे व तज्ज्ञांची मते, त्यांच्या हितसंबंधांच्या जाहीर निवेदनासह, प्रसिद्ध झाली पाहिजेत आणि १९८७ सारखी उघडी सुनावणी हा नियम झाला पाहिजे. राज्याच्या औषध खरेदीच्या निविदा व तपासणी अहवाल जिल्हा रुग्णालयाच्या फलकावर लागले पाहिजेत. पेटंट हरकतीवरील शुल्क व अडसर रद्द झाले पाहिजेत. पिंपरीचा कारखाना सार्वजनिक क्षेत्रात राहिला पाहिजे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. १९४० च्याच कायद्यात, १९८६ च्या दुरुस्तीनंतर, एक दार उघडे आहे आणि ते क्वचितच कोणी ढकलून पाहते. कलम २६ प्रमाणे औषध विकत घेणारी कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्था ठरलेले शुल्क भरून ते औषध शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस पाठवू शकते आणि त्याचा सहीचा अहवाल मिळवू शकते. कलम ३२ प्रमाणे बाधित व्यक्ती किंवा अशी संस्था स्वतः खटलाही दाखल करू शकते. भिलाईतील प्रत्येक कामगार संघटनेने आपल्या सभासदांपैकी दोघा-तिघांवर, शक्यतो स्त्री सभासदांवर, ही जबाबदारी सोपवावी. त्यांनी दर महिन्याला पॉवर हाऊस, सुपेला किंवा खुर्सीपारच्या दुकानातून सर्वाधिक खपणारे एक औषध पावतीसह विकत घ्यावे, अर्ज भरून विश्लेषकाकडे पाठवावे आणि येईल तो अहवाल, चांगला असो की वाईट, पाळी बदलण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकावर लावावा.